गाण्यावांचून एक मैफल

आमच्या घरीं तंबोऱ्यांची एक जोडी आहे. मामंजींनीं ती मिरजेहून आणविली, त्याला साठ वर्षें होऊन गेलीं. मामंजी गेल्यावर माजघराच्या कोपऱ्यांत, सुती गवसण्या घालून, ती उभी करून ठेवलेली होती. दसऱ्याला हळदकुंकू वाहावें आणि दिवाळीच्या आधीं धूळ झटकावी, यापलीकडे तिला कोणाचा हात लागत नसे. अशीं वीस वर्षें गेलीं. मागच्या जानेवारींत, संक्रांत आणि रथसप्तमी यांच्या मधल्या एका शनिवारीं, त्या गवसण्या निघाल्या आणि आमच्या वाड्याच्या चौकांत मैफल झाली. त्या मैफलींत गाणें मात्र झालें नाहीं.

गाण्यावांचून मैफल कशी होते, असें वाचकांना वाटेल. मलाहि तसेंच वाटलें होतें. मी गाण्यांतली जाणकार नव्हें. पस्तीस वर्षें शाळेंत मुलींना भूगोल शिकविला आणि घरीं मामंजींच्या बैठकींना चहा पुरविला, एवढाच माझा अधिकार. तेव्हां हें परीक्षण नाहीं. जें पाहिलें आणि ऐकलें, तें क्रमानें सांगतें. कारण त्या संध्याकाळीं आमच्या घरांत संगीताखेरीज दुसरेंहि कांहीं पणाला लागलें होतें.

आमचा वाडा नगरच्या जुन्या भागांत होता. शहराचें नांव सरकारदप्तरीं २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. पण आमच्या तोंडीं ‘नगर’ बसलें आहे, तें कांहीं लवकर सुटेल असें दिसत नाहीं. दोन चौकांचा वाडा, पुढच्या चौकांत आड आणि तुळशीवृंदावन, तिन्ही बाजूंनीं ओसरी, आणि एके काळीं पंगतीला साठ पानें मांडणारें कुटुंब. अखेरीस आम्ही सहा माणसें उरलों होतों. तुळया वाळवीनें पोखरल्या होत्या. पावसाळ्यांत तीन खोल्यांतून पातेलीं मांडावीं लागत. तेव्हां दोघां भावांनीं विचार करून वाडा बांधकामाला द्यावयाचें ठरविलें. मार्चअखेर घर रिकामें करून द्यावयाचें होतें.

माझे धाकटे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणतें, त्यांचा मुलगा पुण्यास इंजिनियर झाला, तीन वर्षें त्यानें बऱ्या पगाराची नोकरी केली, आणि एके दिवशीं ती सोडून तो ‘प्रायोगिक संगीत’ करूं लागला. भाऊजींनीं सारा जन्म बँकेंत हिशेब पाहण्यांत घालविला. ते रागावणारे गृहस्थ नव्हेत. ते गप्प होणारे आहेत. “नोकरी सोडलीस याचें दुःख नाहीं,” ते मुलाला म्हणाले, “पण तूं काय करतोस तें मला चार लोकांना सांगतां येत नाहीं.” त्यानंतर पितापुत्रांचें बोलणें बंद पडलें. एकाच घरांत जाऊबाईंच्या मार्फत निरोप चालत: ‘त्याला म्हणावें, जेवायला ये,’ आणि ‘बाबांना सांग, मला भूक नाहीं.’ हें दोन वर्षें चाललें होतें. एकत्र कुटुंबांत भांडण सोसतें. असा अबोला सोसत नाहीं. त्याचा भार स्वयंपाकघरांतल्या बायकांवर पडतो.

दिवाळींत मुलगा माझ्याकडे आला. “मोठी काकू, वाडा पाडण्याआधीं मला चौकांत एक संध्याकाळ द्याल?” असें त्यानें विचारलें. मीं यांची संमति मिळवून दिली. भाऊजींनीं ‘नाहीं’ म्हटलें नाहीं, ‘हो’हि म्हटलें नाहीं.

त्यानंतर महिनाभर मुलगा घरांत एक लहानसें यंत्र घेऊन हिंडत होता. आडाच्या रहाटापाशीं तो यंत्र धरी. दिंडीदरवाजाची कडी दहादां वाजवी. जाऊबाई पाट्यावर चटणी वाटूं लागल्या म्हणजे शेजारीं येऊन बसे. एकदां मध्यरात्रीं जिन्यावर चाहूल लागली म्हणून मी काठी घेऊन उठलें, तर हा तिसऱ्या पायरीवर अनवाणी उभा! त्या पायरीचा आवाज रात्रीं निराळा येतो, असें तो म्हणाला.

शेवटीं मीं विचारलें, “अरे, हें खूळ तुम्हीं कोठून आणलेंत?”

तो हंसून म्हणाला, “काकू, थोडें अहमदाबादेहून, थोडें किराण्याहून, आणि थोडें आपल्या अरणगांवाहून.”

अरणगांव आमच्या शहरापासून दौंडच्या रस्त्यानें नऊएक किलोमीटरांवर आहे. तेथें टेकडीवर मेहेरबाबांची समाधि आहे, हें सर्व नगरकरांना माहीत असतें. पुण्यास १८९४ सालीं जन्मलेले मेरवान शेरियार इराणी १९२३ सालीं प्रथम तेथें येऊन राहिले. १० जुलै १९२५ रोजीं त्यांनीं मौन धरलें, तें ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडलें नाहीं. अमरतिथीच्या दिवसांत देशोदेशींचे लोक आमच्या बाजारांतून हिंडतांना दिसतात. पण मुलानें सांगितलेली गोष्ट मला नवी होती. पीट टाउनशेंड हा इंग्रज वादक बाबांचा अनुयायी. त्याच्या ‘द हू’ या मंडळीनें १९७१ सालीं एक गाणें काढलें, त्याचें नांव ‘बाबा ओरायली’. यांतले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा आणि ‘रायली’ म्हणजे अमेरिकेंतला प्रयोगशील संगीतकार टेरी रायली. जगभर कोट्यवधि लोकांनीं ऐकलेल्या एका गाण्याच्या नांवांत आमच्या शिवेवरचे बाबा जाऊन बसले आहेत, हें मीं भूगोल शिकवितांना कधीं मुलींना सांगितलें नव्हतें.

त्या रायलीनें १९६४ सालीं एक रचना केली. तिच्यांत त्रेपन्न लहान लहान स्वरवाक्यें आहेत. वादक कितीहि असोत, वाद्यें कोणतींहि असोत. प्रत्येकानें एक वाक्य आपल्याला वाटेल तितक्या वेळां म्हणावें आणि मग पुढच्याकडे वळावें. सर्वांचा आरंभ एक, शेवट एक. मधली चाल ज्याची त्याची. हा गृहस्थ पुढें १९७० मध्यें पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खांसाहेबांच्या तालमींतले. ‘किराणा’ हा शब्द ऐकून मी सावरून बसलें; कारण अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस राहिले, सवाई गंधर्व त्यांच्यापाशीं शिकले, आणि सवाई गंधर्वांपाशीं भीमसेन जोशी, ही मालिका मामंजींनीं आम्हां सुनांना स्तोत्रासारखी पाठ करविली होती. त्याच घराण्याची एक फांदी अमेरिकेंत जाऊन तेथल्या प्रयोगवाल्यांना भेटली, हें मामंजींना समजतें तर ते काय म्हणाले असते, कोण जाणे.

आणि अहमदाबाद? तेथल्या साराभाई कुटुंबांतल्या गीताबाई १९४६ सालीं न्यूयॉर्कला गेल्या. जॉन केज नांवाच्या संगीतकारानें त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकविलें आणि त्यांनीं त्याला आपलें. संगीत कशासाठीं, असें त्यानें विचारलें, तेव्हां मन शांत व्हावें आणि त्यांत ईश्वरी प्रेरणेला वाव मिळावा यासाठीं, असें गुरूकडून ऐकलेलें उत्तर गीताबाईंनीं त्याला दिलें. केजनें तें जन्मभर सांगितलें. १९५२ सालीं त्यानें चार मिनिटें तेहेतीस सेकंदांची एक रचना केली, जींत वादक पियानोपुढें बसतो आणि एकहि सूर वाजवीत नाहीं. ती प्रथम सादर करणारे डेव्हिड ट्यूडर यांनींच १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला. आमच्या शहराचीं पत्रें पूर्वीं चुकून अहमदाबादेस जात. हें एक काम तेवढें चुकून आमच्याकडे आलें नाहीं.

हें सर्व ऐकून माझें समाधान झालें असें नाहीं. परदेशांत मान मिळाला म्हणून एखादी गोष्ट चांगली ठरत नाहीं. पण मला मामंजींनीं सांगितलेली पेटीची हकीगत आठवली. त्यांच्या लहानपणीं त्यांनीं हट्ट करून घरांत बाजाची पेटी आणली, तेव्हां आजेसासऱ्यांनीं ‘हा साहेबाचा भाता माझ्या देवघराजवळ नको’ म्हणून ती तीन महिने माळ्यावर टाकून दिली होती. त्यांचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. पॅरिसच्या एका कारागिरानें १८४२ सालीं पेटंट घेतलेलें तें वाद्य. त्यांत मींड नाहीं, श्रुति नाहीं. आकाशवाणीनेंहि १९४० पासून तीसएक वर्षें पेटीला मज्जाव केला होता. आणि आज? पेटीवांचून आमचें भजन नाहीं, कीर्तन नाहीं, नाट्यगीत तर नाहींच नाहीं. उलट बाजूचें उदाहरणहि नगरचेंच आहे. ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्यांना रेव्हरंड टिळक सांगावयास नकोत. त्यांनीं ख्रिस्ताची भक्ति अभंगांत बांधली, तेव्हां ती इकडच्यांना परकी वाटली आणि तिकडच्यांपैकीं कित्येकांना फारच देशी. जें एका पिढीला विचित्र वाटतें तें दुसऱ्या पिढीच्या अंगवळणीं पडतें. परंतु विचित्र वाटणारें सर्वच टिकतें असेंहि नाहीं. टिकणारें कोणतें, हें ऐकल्याशिवाय कळावें कसें? म्हणून ऐकावयाचें, असें मीं ठरविलें.

ती संध्याकाळ आली. चौक सारवून काढला होता. ओसरीवर सतरंज्या घातल्या होत्या. हळदीकुंकवाला बोलावलेल्या बायका, यांचे जुने स्नेही, शेजारीपाजारी आणि पुण्याहून आलेलीं दहाबारा तरुण मुलें, अशीं पन्नास माणसें असावीं. वृंदावनाच्या पुढें चटई टाकून मुलगा बसला होता. त्याच्यासमोर लॅपटॉप आणि बटणांची एक पेटी; उजवीकडे व्हायोलिन घेतलेली एक मुलगी, डावीकडे तंबोरा घेतलेली दुसरी; मागें त्याचा एक मित्र तारांच्या गुंत्यांत बसलेला. दुसरा तंबोरा मध्यें नुसता ठेवला होता. ओसरीच्या चारी कोपऱ्यांत ध्वनिवर्धक लावले होते. भाऊजी आले नव्हते. ते वर, आपल्या खोलींत, दिवा लावून बसले आहेत हें मला खालून दिसत होतें.

पहिला भाग वाड्याच्या आवाजांचा होता. आरंभीं मला कांहींच उमगेना. कोठें तरी कुरकुर, कोठें तरी ठक्‌ ठक्‌. मध्येंच व्हायोलिनचा एक लांब सूर. दहा मिनिटें अशीं गेलीं. माझ्या शेजारच्या बाईंनीं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, आणि खरें सांगतें, मला पुतण्याची लाज वाटली. तेवढ्यांत डाव्या कोपऱ्यांतून जिन्याची तिसरी पायरी वाजली. एकेचाळीस वर्षें मी ती पायरी चढलें. पण ती मला कधीं ऐकूं आली नव्हती. मग रहाट आला, आणि त्याच्या लयीवर पाटा आला, आणि एकदम माझ्या ध्यानांत आलें कीं हे आवाज नुसते ओळीनें लावलेले नाहींत. पहाटेपासून रात्रीपर्यंतचा या घराचा दिवस त्यांत मांडलेला आहे. शेवटीं दिंडीची कडी पडली. आमच्या घरीं ती रात्रीं दहाला पडते. ओसरीवरच्या घरच्या माणसांनीं तें ओळखलें, आणि परक्यांना आम्ही कां हंसलों तें समजलें नाहीं.

दुसरा भाग रायलीच्या रचनेवरून सुचलेला होता. पण स्वरवाक्यें आमच्या ओळखीच्या भूपाचीं. प्रत्येकानें आपल्या मनानें पुढें जावयाचें आणि तरी दुसऱ्याला सोडावयाचें नाहीं. हा मला आवडला. एकत्र कुटुंबांत मीं जें जन्मभर पाहिलें त्याहून तें फारसें निराळें नव्हतें. कोणी पुढें धांवतो, कोणी एकाच जागीं घोटाळतो. मागें राहिलेल्यासाठीं पुढचा थांबला तर घर चालतें. त्या मुलांत तसें थांबणें मला ऐकूं आलें.

तिसरा भाग मात्र मला मुळींच रुचला नाहीं, हें लपवीत नाहीं. त्यांत यंत्राच्या घरघरीसारखा एक आवाज वाढत वाढत इतका झाला कीं छातींत धडधडूं लागलें. वाडे पाडणाऱ्या यंत्रांचे ते आवाज होते, असें मागाहून समजलें. दोन कुटुंबें उठून गेलीं. धाकट्या नातीनें कानांवर हात ठेवून रडावयास आरंभ केला. मी उठलें आणि मुलाजवळ जाऊन ‘कमी कर’ म्हणून सांगितलें. त्यानें कमी केलें. दुःख मोठ्यानें सांगितलें म्हणजे मोठें होतें असें नाहीं, हें मीं त्याला दुसऱ्या दिवशीं सांगितलें, आणि त्यावर आमचा बराच वाद झाला. त्याचें म्हणणें असें कीं कांहीं आवाज ऐकवत नाहींत हेंच ऐकवावयाचें होतें. माझें म्हणणें असें कीं लेकरूं रडलें कीं प्रयोग थांबवावा. दोघेहि अजून आपापल्या मतावर आहों.

चौथ्या भागांत कांहींच नव्हतें. त्यानें उठून सांगितलें, “आतां साडेचार मिनिटें आम्ही कांहीं वाजविणार नाहीं. केजची आठवण म्हणून, आणि अरणगांवचीहि.” सर्व गप्प झाले. पहिल्या मिनिटांत खोकल्याची एक सांथ आली. मग ती ओसरली. कोणाच्या तरी घरीं कुकरची शिटी झाली. दूर मशिदींत बांग झाली. दौंडच्या बाजूला आगगाडी गेली. ती अरणगांवावरूनच जाते. मी एकदां शाळेच्या मुलींना घेऊन अमरतिथीला तेथें गेलें होतें. दुपारीं सव्वाबाराला, बाबांनीं देह ठेवला त्या घटकेला, टेकडीवरचा सारा समुदाय मौन धरतो. त्या वेळीं मला प्रथम समजलें कीं हजारों माणसें बोलत नाहींत तेव्हां जो शांतपणा असतो, तो कोणी नसतांना असलेल्या शांतपणाहून निराळा असतो. आमच्या चौकांत तेंच झालें. आणि त्या शांततेंत जिन्याची तिसरी पायरी वाजली. ती यंत्रांतून आली नव्हती. भाऊजी खालीं उतरत होते. वरच्या खोलींत बसून त्यांनीं सर्व ऐकलें असावें. आवाज एकदम बंद पडले तेव्हां काय झालें म्हणून पाहावयास आले असावेत. ते खांबापाशीं उभे राहिले.

पांचव्या भागाविषयीं लिहिण्याआधीं एका कॅसेटची हकीगत सांगितली पाहिजे. १९८६ सालीं यांनीं टेपरेकॉर्डर आणला. मामंजींचा भीमपलास ध्वनिमुद्रित करून ठेवावा अशी सर्वांची इच्छा. एका रविवारीं दुपारीं मामंजी बसले, यंत्र सुरू झालें, आणि मामंजी तंबोरा लावूं लागले. तंबोरा लावण्यांत त्यांचें मन कधीं भरत नसे. खुंटी पिळावी, तार छेडावी, मणी खालींवर करावा, घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवावा, पुन्हां पहिल्यापासून. ‘जवारी उघडली कीं खर्जांतून गांधार आपोआप बोलतो, तो ऐकूं येईपर्यंत तोंड उघडूं नये,’ असें ते म्हणत. त्या घोडीच्या रुंद, किंचित उतरत्या पाठीमुळें तारेंतून इतके उपस्वर कसे निघतात, याचा शोध सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं घेतला आणि १९२१ सालीं त्यावर निबंध लिहिला. मामंजींना त्याचा मोठा अभिमान होता. त्या दुपारीं अर्धा तास तंबोरा लागत होता. अखेर गांधार बोलला, मामंजींनीं डोळे मिटले, षड्ज लावण्यासाठीं श्वास घेतला. आणि वीज गेली. ‘पुन्हां कधीं तरी’ म्हणून सर्व हंसत उठलों. तें ‘पुन्हां’ राहूनच गेलें. मामंजींचें गाणें आमच्याजवळ नाहीं. त्यांचें तंबोरा लावणें तेवढें आहे.

ती कॅसेट माझ्या कपाटांत होती. मुलानें ती माझ्याकडून मागून नेली होती. भाऊजींना याची कल्पना नव्हती.

पांचव्या भागांत त्यानें ती लावली. चारी कोपऱ्यांतून मामंजींचा तंबोरा हळूहळू उठूं लागला. चौकांत तोच तंबोरा एक मुलगी छेडीत होती, आणि अडतीस वर्षांपूर्वींचा त्याचाच आवाज तिच्या भोंवतीं फिरत होता. मुलानें यंत्रानें त्या सुरांना ताणलें होतें. एकेक छेड मिनिटभर टिके, आणि तिच्या पोटांत आणखी सूर उमलतांना ऐकूं येत. मध्येंच कॅसेटमधून सासूबाईंचा आवाज आला, “चहा टाकूं का?” आणि मामंजींचा, “थांब जरा, अजून लागला नाहीं.” ओसरीवर कोणी हललें नाहीं. सासूबाईंना जाऊन पंचवीस वर्षें झालीं. यांनीं चष्मा काढून पुसला. मी भाऊजींकडे पाहिलें नाहीं. तसें पाहणें बरें नव्हें.

थोड्या वेळानें मला कांहीं तरी चुकल्यासारखें वाटूं लागलें. काय, तें कळेना. जानेवारींतली रात्र, गार वारा सुटला होता, चौकांतल्या तंबोऱ्याची पंचमाची तार उतरली होती. कॅसेटमधला पंचम एक आणि चौकांतला दुसरा, दोन्ही एकमेकांना घांसत होते. मुलाचें लक्ष यंत्राच्या बटणांवर. ती मुलगी डोळे मिटून छेडीत होती. तेव्हां भाऊजी खांबापासून निघाले. पायांत लोकरीचे मोजे, अंगावर शाल. तसेच चौकांत उतरले, त्या मुलीपुढें गुडघे टेकून बसले, आणि पंचमाचा मणी केसभर खालीं सरकविला. तार छेडून पाहिली. पुन्हां किंचित सरकविला. लहानपणीं मामंजींच्या मागें बसून तंबोरा धरण्याचें काम भाऊजींचें असे. मलाहि त्याचा विसर पडला होता. पंचम मिळाला. मग त्यांनीं मध्यें ठेवलेला दुसरा तंबोरा उचलला, लावला, मांडीशीं घेतला, आणि तेथेंच चटईवर बसून छेडूं लागले. मुलानें मान वर करून पाहिलें. त्यानें कांहीं केलें नाहीं. हात बटणांवरून काढून मांडीवर ठेवले इतकेंच.

कॅसेटमध्यें मामंजींनीं श्वास घेतला. तेथें कॅसेट संपली. दोन तंबोरे मात्र चालूच होते. गाणारा कोणी नव्हता. किती वेळ, तें मीं पाहिलें नाहीं.

नंतर मसालेभात आणि तिळगूळ झाला. यांच्या एका स्नेह्यांनीं मला विचारलें, “वहिनी, याला संगीत म्हणावयाचें काय?” मी म्हणालें, “पहिल्या दहा मिनिटांत मला तें नव्हे असें वाटलें, तिसऱ्या भागांत खात्रीच झाली, आणि शेवटीं मी विचारावयाची विसरलें.” याहून बरें उत्तर मला अजून सांपडलेलें नाहीं. नव्या संगीताच्या बैठकीला जाणाऱ्या माझ्या वयाच्या वाचकांना एवढेंच सांगेन कीं आपल्याला ठाऊक असलेलें गाणें तेथें शोधूं नये आणि पहिल्या दहा मिनिटांत उठूंहि नये. आवडलें नाहीं तर तसें त्या मुलांना तोंडावर सांगावें. तीं मुलें रागावत नाहींत. कोणी ऐकलें याचाच त्यांना आनंद असतो.

आपल्या घरीं त्या रात्रीं पितापुत्र गळ्यांत गळा घालून रडले, असें कांहीं झालें नाहीं. पानावर बसल्यावर भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग ताकाची वाटी पुढें करीत, जाऊबाईंकडे न पाहतां, ते मुलाला म्हणाले, “जवारी बसली आहे. दोन्ही मिरजेला न्यावे लागतील.” मुलगा म्हणाला, “केव्हां जाऊं या?” जाऊबाईंनीं माझ्याकडे पाहिलें आणि आम्ही दोघी ताटें वाढण्यांत गढून गेलों.

फेब्रुवारींत ते दोघे मोटारीनें मिरजेस गेले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, तें प्रमाणपत्र कारागिराच्या भिंतीवर पाहून भाऊजींना बरें वाटलें. हिशेबी माणसाला कागद लागतो. वाटेंत दोघे काय बोलले, तें मला ठाऊक नाहीं आणि मीं विचारलेलेंहि नाहीं.

वाडा आतां पडला आहे. आम्ही सावेडीस भाड्याच्या जागेंत राहतों. येथें जिना नाहीं, उद्वाहक आहे. तंबोऱ्यांची जोडी दिवाणखान्यांत ठेवली आहे, आणि रात्रीं जेवणें झाल्यावर भाऊजी अर्धा तास ती लावीत बसतात. गात नाहींत. मुलगा पुण्याहून आला म्हणजे शेजारीं बसून ऐकतो. परवां बँकेंतले एक जुने सहकारी आले होते; त्यांनीं मुलगा काय करतो म्हणून विचारलें. मी स्वयंपाकघरांतून कान देऊन होतें. भाऊजी थोडे थांबले, आणि म्हणाले, “अजून मला नीट सांगतां येत नाहीं. पण कानाचा चांगला आहे.”